आजीची मूठ किती ग्रॅमची?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका फसलेल्या बरणीपासून.

मे महिन्यात मंडईतून एक किलो कैरी फोडून आणली आणि आयुष्यातलं पहिलं लोणचं घातलं. बाबांना बीपी, म्हणून मीठ निम्मंच टाकलं. आठव्या दिवशी वर पांढरी बुरशी! आजीला फोन केला, "आजी, मीठ किती घालायचं होतं गं?" तर म्हणे, "अगं, अंदाजानं."

हा अंदाज कागदावर आला तरी कधी? रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 चं. म्हणजे पुस्तकं होती. पण घरोघरी पोचली ती 1970 ची 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांनी मापं दिली ती वाटी-चमच्यात. दशमान वजनं बाजारात येऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात तराजू नव्हता, वाटी मात्र होती. नवीन लग्न झालेल्या, सासू जवळ नसलेल्या मुलीला यानं केवढा धीर आला असेल, विचार करा.

तोपर्यंत हे ज्ञान हातातून हातात जायचं आणि सोबत बरंच काही चिकटून यायचं. पाळीत बरणीला शिवायचं नाही, लोणचं नासतं, हे तुमच्याही घरी ऐकलं असेल. बरणीला फक्त ओला हात कळतो, बाकी काही कळत नाही.

असो. बुरशीनंतर मी परदेशी कॅनिंगचे व्हिडिओ बघत बसले. भाजी काचेच्या बाटलीत भरा, झाकण लावा, उकळा, वर्षभर खा. वाटलं, हे तर लोणच्याहून सोपं!

ही युक्ती निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याची. लष्कराला टिकाऊ अन्न हवं होतं, म्हणून 1810 मध्ये सरकारनं त्याला 12,000 फ्रँक दिले. पुण्यात तेव्हा दुसरा बाजीराव गादीवर होता. गंमत म्हणजे अन्न का टिकतं, हे खुद्द अपेरलाही माहीत नव्हतं. जंतूंचं कारण पाश्चरनं सांगितलं, तेही पन्नासेक वर्षांनी.

आणि त्या कारणातच धोका आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. त्यांना दाबाखाली 121 अंश लागतात. हवा नसलेली, आंबटपणा नसलेली जागा त्यांना फार मानवते, म्हणजे नेमकी ती घट्ट झाकणाची मटाराची बाटली. त्यांचं विष मज्जातंतूंवर जातं, माणूस दगावू शकतो, आणि वासावरून ते कळेलच असं नाही. घरचा कुकर या कामासाठी तपासलेला नसतो. तेव्हा व्हिडिओ बघून फरसबी बाटलीत भरू नका, प्लीज.

कैरीचं तसं नाही. ती मुळातच आंबट, त्यात मीठ, वर तेलाचा थर. 'लोणचं' या शब्दाच्या मुळाशीच 'लवण' आहे, आणि मी नेमकं तेच कापलं होतं! सरकारी मानकही सांगतं की लोणचं मिठावर टिकवायचं असेल तर मीठ किमान 12 टक्के हवं. बाबांसाठी उपाय एकच, फोड छोटी घ्यायची.

मग आजीलाच घरी बोलावलं. एक किलो फोडींना तिनं पाच मुठी मीठ घातलं. प्रत्येक मूठ मी आधी वजनकाट्यावर घेतली. ती वैतागली, "मीठ काय सोनं आहे का?" सरासरी निघाली 42 ग्रॅम. पाच मुठींचे 210. मसाला आणि गार केलेलं तेल धरून लोणचं भरलं सोळाशे ग्रॅमच्या आसपास. मोबाइलवर भागाकार केला तर 13 टक्के.

आजीला स्क्रीन दाखवली. तिनं बघितली, मग बरणीला दादरा बांधला आणि म्हणाली, "पंधरा दिवस हात लावू नकोस."