खुडूक न होणारी कोंबडी

आमच्याकडे एक लालसर गावठी कोंबडी आहे. घरात तिला सगळे आत्याबाई म्हणतात. पिसं फुलवून, घशातल्या घशात कुरकुरत ती टोपलीत ठाण मांडून बसली, की खुडूक झाली समजायचं. मग अंधार पडल्यावर मी तिच्या पोटाखाली हात घालतो, तिची अंडी काढून घेतो आणि काळ्या कडकनाथ जातीची अकरा ठेवतो. हातावर दोन-चार टोची बसतात, ते चालायचंच. एकविसाव्या दिवशी तिच्या पंखांतून निळसर काळी पिल्लं डोकी बाहेर काढतात. आत्याबाईंना त्यात काही वावगं वाटत नाही.

हा उद्योग करावा लागतो, कारण कडकनाथची कोंबडी अंडं घालते आणि चालू लागते. वर्षाला ऐंशी-नव्वद अंडी देईल, पण उबवायला बसण्याचं नाव नाही. म्हणजे झाबुआ, अलिराजपूर, धारकडच्या पाड्यांमध्ये भिल्ल, भिलाला, पटेलिया लोकांनी ही जात राखली, त्यात दुसऱ्या कोंबड्यांच्या पोटाची ऊब किती असेल, याचा हिशेब कुणी केलेला नाही. कडकनाथचा इतिहास लोक काळ्या कोंबड्याच्या डौलापासून सुरू करतात. मी आत्याबाईपासून करतो.

माझे वडील जळगावहून भोपाळला आले, तेव्हा भेलला ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ म्हणत. मीही पुढे तिथेच लागलो. पिपलानीच्या क्वार्टरमागे जेमतेम दहा पावलांचं परसू होतं. माझ्या पाळीत अलिराजपूरकडचा एक भिलाला सहकारी होता. एका दिवाळीनंतर गावाहून येताना त्याने डालडाच्या डब्यात, गव्हाच्या भुशात पुरून अकरा अंडी आणली. रात्रभर बसचे धक्के खाऊनही त्यातल्या सातांतून पिल्लं निघाली. तो या कोंबडीला ‘काली मासी’ म्हणायचा. मासी म्हणजे मावशी, असं मी कित्येक दिवस समजत होतो. नंतर कळलं, मास म्हणजे मांस. काळ्या मांसाची ती काली मासी. शेजारच्या आजींनी मात्र ‘कडकनाथ’ ऐकून, हे कोणत्या मठाचे, असं विचारलं होतं.

त्याच्या घरी हा कोंबडा रोज कापायचा नसे. दिवाळीनंतर देवीला, नवसाला, नाहीतर लांबून आलेल्या पाहुण्याला. शहरात तर तेव्हा फुकट दिला तरी लोक तोंड वाकडं करत. काळी चोच, काळी जीभ, काळे पाय इथवर ठीक, पण सोलल्यावर आतही काळं आणि हाडंसुद्धा काळपट! रक्त मात्र लालच असतं. काळ्या रक्ताच्या आणि काळ्या अंड्यांच्या गप्पा मारणाऱ्याने खुराड्यात डोकावलेलं नाही असं खुशाल समजावं. अंडं फिकट बदामी, किंचित गुलाबी झाक असलेलं.

या काळेपणाचं कारण विसाव्या गुणसूत्रावर आहे. तिथला एक तुकडा दुप्पट झालाय, त्यामुळे रंगाच्या पेशी भलत्याच वाढून शरीरभर पसरतात. चीनच्या सिल्की कोंबडीत आणि इंडोनेशियाच्या आयाम चेमानीतही हाच फरक सापडतो, म्हणजे कधीतरी, कुठेतरी तो एकदाच घडला आणि कोंबड्यांबरोबर देशोदेशी गेला.

सरकारला या कोंबडीची काळजी १९७८ साली वाटली. झाबुआत त्या वर्षी सरकारी कुक्कुटपालन केंद्र निघालं. तोवर देशात ब्रॉयलरचे दिवस सुरू झाले होते. सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाणाऱ्या कोंबडीपुढे पाच-सहा महिन्यांत किलो-सव्वा किलो भरणारी ही काय टिकणार? पुढे जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने हिचं रक्त मिसळून ‘नर्मदानिधी’ नावाची परसातली कोंबडी काढली. त्या विद्यापीठाला नाव नानाजी देशमुखांचं, म्हणजे हिंगोलीकडच्या कडोळीच्या माणसाचं. आम्हा इथल्या मराठी लोकांना असल्या गोष्टींचं उगाच बरं वाटतं.

भौगोलिक मानांकनासाठी झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ मध्ये अर्ज केला. मध्येच छत्तीसगडच्या दंतेवाड्याने हक्क सांगितला, वाद झाला, आणि जुलै २०१८ मध्ये मानांकन झाबुआच्या पदरात पडलं. ते आहे मांसाला. कोंबडी ज्यांनी सांभाळली त्यांच्या देवीला आणि नवसाला त्या कागदात जागा नाही, आणि कागदाकडून ती अपेक्षाही नसावी.

मग भाव चढला आणि त्यामागून लबाडी आली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांना गंडा घातल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा माझ्या मेहुण्याने फोन करून ‘तुमच्या त्या काळ्या कोंबडीने’ अशीच सुरुवात केली. २०२० मध्ये धोनीने झाबुआकडून दोन हजार पिल्लं मागवली, त्याची केवढी बातमी! जानेवारी २०२१ मध्ये झाबुआकडे बर्ड फ्लू आला आणि रुंडीपाड्यातल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या.

आता आम्ही भोपाळमध्येच कोलार रोडला राहतो. बारा कोंबड्या, दोन कोंबडे, आणि एक मुंगूस, जे आमचं नाही. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लशीचा थेंब टाकतो, नाहीतर मानमोडीचा रोग अख्खं खुराडं रिकामं करतो. मांसाबद्दल खरं सांगायचं तर रस्सा उत्तम, फोडी चिवट. बायको कुकर लावतच नाही. मातीच्या भांड्यात मंद आचेवर दीड तास, वाटण थोडं, खोबरं त्याहून थोडं. त्यातला तांबडा रंग हरवतोच, रस्सा शाईसारखा दिसतो.

गेल्या दिवाळीनंतर त्या सहकाऱ्याचा अलिराजपूरहून फोन आला. तोही निवृत्त होऊन गावी गेलाय. मानमोडीने त्याचं खुराडं साफ केलं होतं. ‘‘दादा, अंडी पाठवाल? तुरा काळाच आहे ना तुमच्याकडच्यांचा?’’ लाल तुऱ्याचं एकही मी ठेवत नाही, असं सांगितलं. डालडाचा डबा आता कुठला. श्रीखंडाचा मोठा डबा घेतला, भुसा भरला आणि इंदूरमार्गे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती अकरा अंडी दिली. रात्री मला आठवलं, म्हणून पुन्हा फोन केला. बसवायला खुडूक कोंबडी आहे का?

‘‘वहिनीची आहे,’’ तो म्हणाला. ‘‘कालपासून टोपलीत बसवून ठेवलीय, खाली दोन दगड घालून.’’