पहिलं कलेक्टिव्ह पिच आरसी हेलिकॉप्टर घेताना: कमी बजेटमध्ये काय बघायचं?

शॉपिंग अ‍ॅपवर ‘आरसी हेलिकॉप्टर’ शोधलं की हजार रुपयांच्या खेळण्यापासून पन्नास हजारांच्या मॉडेलपर्यंत सगळं एकाच यादीत येतं. फोटोत सगळी सारखीच दिसतात. पण व्हिडिओमध्ये उलटं होऊन उडणारं, जागच्या जागी कोलांट्या मारणारं जे हेलिकॉप्टर तुम्ही पाहिलंय, ते ‘कलेक्टिव्ह पिच’ (पुढे सीपी म्हणू) प्रकारचं असतं. यादीतली बहुतेक हेलिकॉप्टर्स त्या प्रकारची नसतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पिंपळे गुरवला राहतो. ‘पहिलं सीपी कुठलं घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी एकच सांगतो: बॉक्सची किंमत नंतर बघा, आधी पहिला क्रॅश कितीला पडेल ते बघा. कारण क्रॅश होणारच आहे. तो शंभर-दोनशे रुपयांत निस्तरला तर तुम्ही शिकाल. पाच हजारांचा निघाला तर हेलिकॉप्टर माळ्यावर जाईल.

कलेक्टिव्ह पिच म्हणजे काय?

स्वस्त हेलिकॉप्टर ‘फिक्स्ड पिच’ असतं. पात्यांचा कोन कायम एकच. वर जायचं तर मोटर जोरात फिरवायची, खाली यायचं तर हळू. मोटरचा वेग बदलायला थोडा वेळ लागतो, म्हणून ते सुस्त वाटतं, पण त्यामुळेच सोपंही असतं.

सीपीमध्ये रोटर जवळपास एकाच वेगाने फिरत राहतो आणि सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलतो. कोन वाढवला की हेलिकॉप्टर लगेच वर, उणे केला की जोरात खाली. उलटं झाल्यावर हाच उणे कोन त्याला हवेत धरून ठेवतो. थ्रीडी मॉडेलमध्ये हा कोन साधारण उणे १२ ते अधिक १२ अंश असतो. कोन बदलायचं काम रोटरखालची स्वॉशप्लेट करते आणि तिला सहसा तीन सर्व्हो हलवतात. लोहगावच्या दिशेने जाणारं हवाई दलाचं चेतक किंवा ध्रुव दिसलं तर लक्षात ठेवा, तत्त्व हेच आहे.

याचा अर्थ असा की स्टिक दोन मिलिमीटर जास्त सरकली तरी परिणाम ताबडतोब दिसतो. ड्रोनसारखं ‘स्टिक सोडली की जागेवर थांबलं’ असं इथे होत नाही.

जाहिरातीत सीपी कसं ओळखायचं?

- एकावर एक दोन रोटर असतील तर ते को-अ‍ॅक्सियल खेळणं आहे. सीपी नाही.
- ‘३.५ चॅनल’ किंवा ‘४ चॅनल’ लिहिलंय? सीपी नाही. सीपीला सहसा किमान ६ चॅनल लागतात. पण फक्त ‘६ चॅनल’ या शब्दावर विश्वास ठेवू नका, पुढच्या दोन गोष्टीही बघा.
- रोटर हेडचा जवळून काढलेला फोटो बघा. पात्याची ग्रिप फिरती आहे का, तिच्यापासून स्वॉशप्लेटपर्यंत बारीक लिंक आल्यात का?
- रिमोटवर ‘थ्रॉटल होल्ड’ आणि ‘आयडल अप’ ही बटणं आहेत का? ही दोन्ही सीपीची ओळख आहे.
- वायफायवरून मोबाइलने उडवायचं मॉडेल असेल तर ते सोडून द्या. काचेवर अंगठा ठेवून, सिग्नलला उशीर होत असताना सीपी सांभाळता येत नाही.

फोनमधलाच सेन्सर इथेही

पूर्वी रोटरवर दांडीसारखा ‘फ्लायबार’ असायचा, तो हेलिकॉप्टर स्थिर ठेवायचा. आज तेच काम सर्किट बोर्ड करतो, म्हणून ही मॉडेल्स ‘फ्लायबारलेस’. नवीन घेताना फ्लायबारलेसच घ्या. तुटायच्या वस्तू कमी असतात.

फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते ती अ‍ॅक्सेलेरोमीटरमुळे आणि गेममध्ये फोन वळवून गाडी वळते ती जायरोच्या मदतीने. हेलिकॉप्टरच्या बोर्डावरही हेच सेन्सर असतात. फक्त जायरो वापरला तर तो ३-अ‍ॅक्सिस मोड. यात हेलिकॉप्टर ज्या कोनात कललंय त्याच कोनात राहतं, सरळ करायचं काम तुमचं. जोडीला अ‍ॅक्सेलेरोमीटर आला की ६-अ‍ॅक्सिस मोड. यात स्टिक सोडली की ते स्वतःहून सपाट होतं. पण सपाट होणं म्हणजे जागेवर थांबणं नाही. वाऱ्याबरोबर ते वाहत जाईलच.

नवशिक्यासाठी माझी पहिली अट हीच: दोन्ही मोड एका बटणावर बदलता आले पाहिजेत. सुरुवात ६-अ‍ॅक्सिसवर करायची आणि हात बसला की ३-अ‍ॅक्सिसवर जायचं. ६-अ‍ॅक्सिसवर फार काळ राहिलात तर हाताला त्याच आधाराची सवय लागते.

साइज: मोठं की छोटं?

मोठं हेलिकॉप्टर वाऱ्यात जास्त स्थिर असतं आणि लांबून नीट दिसतं. म्हणून जुने उडवणारे ‘४५० साइज घे’ असं सांगायचे. तो सल्ला मोकळं मैदान असणाऱ्यांसाठी ठीक आहे. ४५० साइजचं पातं ३२५ मिलिमीटरचं असतं आणि रोटरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर. मिनिटाला २,८०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३७० किलोमीटर निघतो. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका पार्कात १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मोठ्या आरसी हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला होता. तो नवशिका नव्हता.

छोट्या, पन्नास-साठ ग्रॅमच्या मॉडेलची पाती हलकी आणि लवचिक असतात. गवतात पडलं तर अनेकदा काहीच होत नाही. डोळ्याला मात्र तेही इजा करू शकतं, म्हणून चष्मा किंवा गॉगल हवाच.

तीन पायऱ्या, तीन बजेट

किमती विक्रेत्याप्रमाणे आणि डॉलरच्या भावाप्रमाणे हलतात, म्हणून खालचे आकडे अंदाजे समजा.

१) दोन ते चार हजार: डब्ल्यूएलटॉइज व्ही९११ सारखं एक रोटर असलेलं फिक्स्ड पिच. हे सीपी नाही, पण दिशेची समज इथे स्वस्तात येते. हेलिकॉप्टरचं नाक आपल्याकडे असताना डावं-उजवं उलटं होतं, हा गोंधळ इथेच संपवता येतो.

२) दहा ते पंधरा हजार: एक्सके के११० आणि त्याच वर्गातली मॉडेल्स. वजन सुमारे ५० ग्रॅम, मुख्य मोटर ब्रशलेस, एक सेलची छोटी बॅटरी, ३डी आणि ६जी असे दोन मोड. के११० चा रिसीव्हर फुटाबाच्या एस-एफएचएसएस प्रोटोकॉलवर चालतो, त्यामुळे पुढे चांगला रिमोट घेतला तरी हेलिकॉप्टर वाया जात नाही. याची शेपटीची मोटर ब्रश्ड आहे, ती झिजते. एक जादा घेऊनच ठेवा.

३) वीस हजारांच्या पुढे: ओएमपी हॉबी एम१, एम२ किंवा ब्लेड २३० एस. एम१ मध्ये मुख्य आणि शेपटीची, दोन्ही मोटरी ब्रशलेस आणि गिअरशिवाय थेट जोडलेल्या आहेत. ब्लेडच्या मॉडेलमध्ये ‘पॅनिक’ बटण आहे, दाबलं की ते सरळ होतं. उडवायला ही छानच आहेत, पण प्रत्येक क्रॅशचं बिल मोठं येतं.

पहिलं सीपी म्हणून माझी निवड दुसरी पायरी.

बजेट कसं मांडायचं?

हातात पंधरा हजार असतील तर पंधरा हजारांचं हेलिकॉप्टर घेऊ नका. साधारण एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. तिच्यातून हे घ्या:

- तीन-चार जादा बॅटऱ्या (एकीवर चार-सहा मिनिटंच उडतं)
- मुख्य पात्यांचे दोन-तीन सेट
- मुख्य शाफ्ट आणि फेदरिंग शाफ्ट, कारण क्रॅशमध्ये हेच आधी वाकतात
- शेपटीची मोटर आणि एखादा सर्व्हो
- बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेट

मागवण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. हे पार्ट भारतात स्टॉकमध्ये आहेत का? रिमोट ‘मोड २’ आहे का, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला? जीएसटी बिल मिळेल का? पहिल्याचं उत्तर ‘मागवून देतो’ असेल तर दुसरा विक्रेता शोधा.

परदेशी साइटवर दिसणाऱ्या कमी किमतीला भुलू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आणि ड्रोनच्या किटच्या आयातीवर डीजीएफटीची बंदी आहे, सुट्या पार्टना त्यातून वगळलंय. तुमचं हेलिकॉप्टर ड्रोन की खेळणं, हे कस्टम्स ठरवतं. खेळणं ठरलं तरी जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन सक्तीचं आहे. पार्सल अडकलं तर सहाशे रुपयांची बचत बाजूलाच राहते.

आधी सिम्युलेटर

हेली-एक्स, रिअलफ्लाइट, अ‍ॅक्युआरसी हे कॉम्प्युटरवरचे सिम्युलेटर. फोनवर अ‍ॅब्सोल्यूट आरसी हेली सिमसारखी अ‍ॅप्स आहेत. टचस्क्रीनवर फक्त तोंडओळख होते. खरा सराव रिमोट यूएसबीने जोडूनच होतो.

क्रम असा ठेवा: आधी शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी तरंगवणं, मग डावी आणि उजवी बाजू आपल्याकडे, मग नाक आपल्याकडे, शेवटी आठाचा आकडा. सिम्युलेटरवर नाक आपल्याकडे ठेवून दोन मिनिटं तरंगवता आलं की खरं हेलिकॉप्टर बाहेर काढा.

एक सवय सिम्युलेटरवरच लावून घ्या: काहीही बिघडतंय असं वाटलं की आधी थ्रॉटल होल्ड. मोटर बंद होऊन पडलेलं हेलिकॉप्टर स्वस्तात सुटतं. जमिनीत अडकूनही मोटर फिरत राहिली तर गिअर, सर्व्हो, मोटर सगळं एकदम जातं.

पिंपळे गुरवात उडवायचं कुठे?

हा प्रश्न खरेदीआधीच सोडवा, कारण साइज त्यावरच ठरते. आपल्याकडे दाट सोसायट्या आहेत. डायनासोर गार्डन, म्हणजे राजमाता जिजाऊ उद्यानात लहान मुलांची गर्दी असते, तिथे विचारही नको. काटेपुरम चौक किंवा सृष्टी चौकाच्या आसपास गच्चीवरून उडवलं आणि ते खाली रस्त्यावर गेलं तर दुचाकीस्वाराच्या अंगावर पडेल. दापोडीला सीएमई आहे, सांगवीच्या पलीकडे औंध कॅम्प, पुढे खडकीचा दारूगोळा कारखाना. लष्करी हद्दीच्या जवळ हेलिकॉप्टर काढायचंच नाही.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यान ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचं ‘मायक्रो’. नॅनोसाठी आणि व्यावसायिक वापर नसेल तर मायक्रोसाठीही रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही. पण लायसन्स नाही म्हणजे कुठेही उडवा, असं नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन फक्त २०० फुटांपर्यंतच असतो आणि लोहगाव आपल्यापासून सरळ रेषेत साधारण दहा-बारा किलोमीटरवर आहे. त्यामुळे डिजिटल स्कायचा नकाशा आपल्या नेमक्या जागेसाठी बघा, नोंदणीचे चालू नियम तिथेच तपासा. पोलिस आयुक्तालयाचा तात्पुरता बंदी आदेश आहे का, तेही बघा.

छोट्या मॉडेलचा फायदा इथे दिसतो. सोसायटीचा रिकामा हॉल परवानगीने मिळाला तर तरंगवण्याचा सराव तिथेच होतो. बाहेर हवं असेल तर शाळेचं मैदान, रीतसर विचारून, सकाळी लवकर. हिवाळ्यात सूर्योदयानंतरचा तासभर वारा सर्वांत शांत असतो. जून ते सप्टेंबर हा सिम्युलेटरचा सीझन समजा.

बॅटरीचे चार नियम

- लिपो सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि ३.५ च्या खाली नेऊन उडवायचा नाही.
- चार्जिंग ‘१सी’ ने: ४५० एमएएचच्या बॅटरीला ०.४५ अँपिअर.
- दोन दिवस उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टवर ठेवा.
- फुगलेली बॅटरी वापरू नका. रात्रभर चार्जिंगला लावू नका, एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.

नेहमी येणारे प्रश्न

*ड्रोन येतो, मग सीपी सोपं जाईल का?* स्टिकची ओळख असल्याने थोडं. पण जीपीएसच्या ड्रोनमध्ये तरंगण्याचं काम सॉफ्टवेअर करतं, इथे ते तुमच्या बोटांना करावं लागतं.

*सेकंडहँड घ्यावं का?* फक्त समोर उडवून दाखवलं तरच, आणि त्या मॉडेलचे पार्ट अजून मिळत असतील तरच.

*थेट सीपी घेतलं तर?* चालेल, पण रोज अर्धा तास सिम्युलेटरला देणार असाल तर. नाहीतर आधी फिक्स्ड पिच घ्या.

थोडक्यात

२५० ग्रॅमच्या आतलं, फ्लायबारलेस, ३ आणि ६-अ‍ॅक्सिस दोन्ही मोड असलेलं, मोड २ रिमोटचं आणि ज्याची पाती व शाफ्ट भारतात स्टॉकमध्ये मिळतात असं मॉडेल निवडा. एक तृतीयांश पैसे पार्ट आणि बॅटऱ्यांना ठेवा. उडवायची जागा नक्की झाल्यावरच ऑर्डर द्या.