रहिवासी दाखल्याचा रकाना नसलेला अर्ज



सौंसरच्या माणसाचं अर्धं आयुष्य अर्ज भरण्यात जातं आणि उरलेलं त्याला जोडायचे दाखले गोळा करण्यात, असं आमच्या शाळेतले एक गुरुजी म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो. पुढे स्वतःवर पाळी आली तेव्हा कळलं की गुरुजी थट्टा करत नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याच्यासोबत सौंसर आणि पांढुर्णाही राहिले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. घरात मराठी, पोळा आणि महालक्ष्म्या आपल्याच पद्धतीच्या, सोयरिकी काटोल-सावनेरकडच्या, आणि तहसीलचा कागद मात्र हिंदीत. छोट्या रेल्वेनं नागपूर गाठायचं, शिकायचं आणि परत यायचं. (ती छोटी लाईन २०१५ ला बंद झाली. आता मोठी लाईन आहे, पण लोधीखेडा-रामाकोन्याची ती रमतगमतची मजा नाही.) १९७२ ला नागपूरहून बी.कॉम. झालो. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीसाठी तिथला रहिवासी दाखला लागे, तो माझ्याकडे कुठून असणार? इकडे भोपाळच्या मुलाखतीत माझं हिंदी ऐकून साहेब लोक गालात हसत. उरली बँक. ती अखिल भारतीय, तिला मी कुठलाही चालत होतो.

बँकेचा अर्ज म्हणजे छापील फॉर्म, पोस्टल ऑर्डर, गॅझेटेड अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेल्या मार्कशीटच्या नकला, आणि रजिस्टर्ड पोस्टाची पावती. ती पावती मी अकरा महिने पाकिटात वागवली. त्या काळात वडिलांनी मला एका अडतीच्या दुकानात मुनीमजींच्या हाताखाली बसवलं होतं. पगार शून्य, चहा दोनदा. रोजकीर्द लिहायची, मग खतावणी, मग तेरीज जुळवायची. चुकलं की मुनीमजी लाल शाईनं खूण करत आणि वही परत सरकवत, तोंडानं काही बोलत नसत. चूक आपण शोधायची. खरं सांगतो, बी.कॉम.च्या तीन वर्षांत जे कळलं नाही ते मला त्या गादीवर कळलं. पण ते शिक्षण अर्जात लिहायला कुठे जागाच नव्हती. १९७४ ला नोकरी लागली ती मार्कशीटवर आणि लेखी परीक्षेवर.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात. मुलाची मुलगी, नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी होळीच्या सुट्टीत घरी आली ती लॅपटॉपला चिकटूनच. मी विचारलं, "काय चाललंय बाई एवढं?"

"अर्ज करून राहिली, आबाजी."

"मग भर ना. अर्ज भरायला कितीक वेळ लागते?"

"अर्ज शेवटी. पहिले काम करून दाखवा लागते."

माझ्या डोक्यात काही शिरेना. काम मिळावं म्हणून अर्ज करायचा आणि अर्ज करता यावा म्हणून काम करायचं? बायको म्हणाली, "तिले जेवू तर द्या पहिले." पण मी खोदून खोदून विचारत राहिलो. पुढच्या काही महिन्यांत जे समजलं ते लिहितो. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली पोरं याच मार्गावर आहेत आणि आपण आजी-आजोबा नुसते "कंप्युटरवर काहीतरी करतात" म्हणून सोडून देतो.

आपण विकत घेतो ती सॉफ्टवेअरं बंद डब्यासारखी, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की अशी एक पूर्ण प्रणाली लिहायची, जिची आतली मांडणी कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली. तेव्हापासून जगभरची माणसं अशी सॉफ्टवेअरं मिळून लिहितात. त्यालाच ओपन सोर्स म्हणतात, मराठीत मुक्त सॉफ्टवेअर. १९८३ वाचून मला हसू आलं. त्याच साली आमच्या संघटना आणि बँकांचं व्यवस्थापन यांच्यात यंत्रं आणण्याबद्दलचा पहिला करार झाला, पुढच्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि आम्ही कर्मचारी काळ्या फिती लावून शाखेसमोर उभे होतो. कंप्युटर आला की माणसं जाणार, असं मी स्वतः घोषणेत ओरडलो आहे.

आता या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नवीन पोरं कशी येणार? तिथे कोणी मालक नाही की भरतीची जाहिरात काढील. २००५ मध्ये गुगलनं 'समर ऑफ कोड' सुरू केलं. विद्यार्थ्यांनी उन्हाळाभर एखाद्या मुक्त प्रकल्पावर काम करायचं, त्या प्रकल्पातला अनुभवी माणूस मार्गदर्शक, आणि स्टायपेंड गुगलचा. पहिल्याच वर्षी साडेआठ हजारांहून जास्त अर्ज आले आणि चारशेच्या आसपास मुलं घेतली. आजपर्यंत जगभरातून वीस हजारांहून जास्त जण त्यातून गेले. २०२२ पासून विद्यार्थीच असलं पाहिजे असंही नाही, अठरा वर्षं पूर्ण असली आणि या क्षेत्रात नवखे असलात की पुरे.

नातीनं सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. २००६ मध्ये ग्नोम नावाच्या प्रकल्पाकडे या समर ऑफ कोडसाठी १८१ अर्ज आले, आणि त्यात बाईमाणसाचा एकही नव्हता. तेव्हा त्यांनी फक्त मुलींसाठी वेगळी योजना काढली. घ्यायच्या होत्या तीन, अर्ज आले शंभर, शेवटी सहा घेतल्या. म्हणजे मुली होत्याच, पहिल्या दारातून आत यायला त्या कचरत होत्या. त्याच योजनेचं पुढे 'आउटरीची' झालं. मारिना झुराखिन्स्काया या बाईंनी ते उभं केलं, २०२२ मध्ये त्या वारल्या. आता त्यात मुलींखेरीज ज्यांना ज्यांना या क्षेत्रात मागे राहावं लागतं असे बाकीचेही अर्ज करू शकतात. प्राथमिक अर्जात निबंधासारखे प्रश्न असतात. तुम्ही कुठून आलात, शिकताना काय अडलं, तुमच्यासारखी माणसं या क्षेत्रात किती दिसतात. ते उत्तीर्ण झालं की महिनाभर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं आणि मग निवड.

नात त्या निबंधाशी चार दिवस अडून बसली होती. म्हणे, "आपल्याले काय अडलं, आबाजी? काहीच तर नाही." मी म्हटलं, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग हिंदीत अकरावी, मग इंग्रजीत इंजिनिअरिंग, हे अडणं नाही तर काय आहे? एका घरात एका पोरीनं तीन भाषांत गणित शिकायचं! ती म्हणाली, हे सगळ्यांचंच असतं ना. सौंसरला असेल सगळ्यांचं. मी म्हटलं, तेच लिही.

तिनं दोन-तीन ठिकाणी अर्ज केले. ज्याची ही गोष्ट आहे तो उपक्रम कोणता, ते मुद्दाम लिहीत नाही. तिनं हिशेबाचं एक मुक्त सॉफ्टवेअर निवडलं होतं, आणि त्याचं कारण मी. गणेश मंडळाचा हिशेब मी त्यावर ठेवतो. पडद्यावर रक्कम १,२५,००० अशी बरोबर दिसायची, पण छापील अहवालात १२५,०००. मंडळाचे एक सभासद दरवर्षी विचारत की हे साडेबारा हजार आहेत की सव्वा लाख. मी वैतागून नातीला म्हटलं होतं की तुमच्या त्या पोट्ट्यांना स्वल्पविराम देता येत नाही. तिनं तेच काम उचललं.

पहिले चार दिवस ते सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर उभं करण्यात गेले. लॅपटॉप जुना, घरचं इंटरनेट बेभरवशाचं. मग अडलं. तिनं एका मार्गदर्शकाला खाजगीत प्रश्न विचारला. त्यांनी सभ्यपणे कळवलं की हे सगळ्यांसमोर विचार, म्हणजे पुढच्या माणसालाही उत्तर मिळेल. इथे पोरगी दोन दिवस गप्प. मोडक्या इंग्रजीत, सगळ्या जगासमोर! मला भोपाळची मुलाखत आठवली. मी काही बोललो नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. तिसऱ्या दिवशी पहाटे तिनं प्रश्न टाकला. तासाभरात दोघांनी उत्तर दिलं, आणि इंग्रजीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तिनं बदल लिहून पाठवला. एका परदेशी तपासणीसानं विचारलं, हजारानंतर दोन-दोन आकडेच का? ती माझ्याकडे आली. मी पाटीवर लिहून दाखवलं की आपली मोजणी हजारानंतर शंभरपटीनं चढते, शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांचा कोटी, म्हणून आधी तीन आणि मग दोन-दोन. चौदाव्या दिवशी त्यांनी पुन्हा परत पाठवलं, तुटीच्या रकमांचं काय? बरोबर होतं त्यांचं, वजा रकमेत खूण चुकत होती. तेविसाव्या दिवशी बदल मंजूर झाला. माझ्या लक्षात आलं की ही तर आमचीच पद्धत. एकानं व्हाउचर करायचं, दुसऱ्यानं तपासून सही करायची, सही झाल्याशिवाय खात्यात जायचं नाही. आणि त्याच्याही आधीची, मुनीमजींची. फरक एवढाच की लाल शाई आता सगळ्या जगाला दिसते.

यानंतर खरा अर्ज. आठवड्यागणिक काय करणार, कुठे अडू शकतं, कॉलेजची परीक्षा कधी आहे. मी दोनदा वाचला. आम्ही कर्जाचे प्रस्ताव वाचायचो तसाच तो होता. त्यात गाव, जात, रहिवासी दाखला, गॅझेटेड सही, यातलं काही मागितलेलं नव्हतं.

निवड झाली नाही.

एका जागेला अनेक अर्ज होते. ती रडली नाही, पण आठ दिवस लॅपटॉप उघडला नाही. मुलगा म्हणाला, दोन महिने फुकट गेले, त्यापेक्षा बँकेच्या परीक्षेचा क्लास लावला असता. त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता आलं नाही, आजही येत नाही. काम आधी करायचं, तेही बिनपगारी, आणि निवडीची हमी नाही. ज्या पोराला सुट्टीत बापासोबत संत्र्याच्या बागेत राबावं लागतं त्यानं हे दोन महिने आणायचे कुठून? दाखला मागत नाहीत, पण वेळ मागतात, आणि वेळही सगळ्यांकडे सारखा नसतो. मोबदल्यातही मला एक खटकतं. गुगलच्या योजनेत स्टायपेंड देशागणिक वेगळा, आपल्याकडे अमेरिकेपेक्षा बराच कमी. आउटरीची मात्र जगात सगळ्यांना सारखेच ७,००० डॉलर देतं. बँकवाल्याला विचाराल तर दुसरा हिशेब सरळ आहे.

याच सुमारास मुलाला एक फोन आला. पंचवीस हजार भरा, अशा परदेशी इंटर्नशिपमध्ये निवड हमखास करून देतो. मुलगा जवळजवळ तयार झाला होता. मी सदतीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळल्या, 'हमखास' शब्द आला की माझा हात आपोआप खिशावर जातो. मंडळी, वर सांगितलेल्या दोन्ही योजनांत अर्जाला एक रुपयाही फी नाही. कोणी मागितली तर फोन ठेवून द्या.

आपल्या जवळचा रस्ताही आहे, तो मला नंतर कळला. आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या पैशानं 'फॉसी' नावाचा प्रकल्प चालतो. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपला आधी एक काम करायला देतात आणि ते पाहून निवडतात, कॉलेज कुठलं याला महत्त्व नाही. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवून दिली तर मानधन आणि प्रमाणपत्र देणारी योजनाही त्यांनी चालवली. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतसुद्धा आहेत. मी स्वतः दोन पाहिले. सावकाश बोलतात, समजतं.

नवव्या दिवशी नातीला एक निरोप आला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली होती, आणि त्यात हातभार लावणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव होतं. त्या वर्षीचा मंडळाचा अहवाल मी त्याच आवृत्तीवर छापला. त्या सभासदांनी काही विचारलं नाही. तिनंही पुन्हा कामं उचलायला सुरुवात केली. सहा महिन्यांत सात बदल मंजूर झाले, आणि आता नव्या पोरांच्या प्रश्नांना कधी कधी तीच उत्तरं देते.

यंदा पुन्हा अर्ज केला आहे. या वेळी पत्त्यात जिल्हा पांढुर्णा लिहिला, २०२३ ला आपला जिल्हा वेगळा झाला ना. निकाल मे महिन्यात. मुलगा अजून बँकेच्या क्लासचं नाव काढतो आणि ती म्हणते, "दोन्ही करतो बाबा, पहिले हे लागू द्या." बायकोनं जामसावळीच्या मारुतीला नारळ बोलून ठेवला आहे.