उलव्याच्या वाटेवरची पाळी

अटल सेतूचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले. शिवडीकडून येऊन उलव्याजवळ शिवाजीनगरला उतरणाऱ्या मोटारीचा टोल फास्टॅगमधून वळता होतो. काचेवरचा टॅग आणि तो वाचणारे यंत्र यांच्यात जेमतेम काही मीटर अंतर असते. रेडिओलहर दहा मीटर जायला सेकंदाचा सुमारे तीन कोटीवा भाग घेते. तरीही वाचनाला वेळ लागतो, कारण तो अंतरात खर्च होत नसून पाळीची वाट पाहण्यात खर्च होतो. हे गणित टोलनाक्यापेक्षा बरेच जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी 1909 साली फोनचे कॉल किती आणि कसे येतात यावर पहिला निबंध लिहिला. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांचे अलोहा जाळे सुरू झाले. बेटांवरची यंत्रे मनाला येईल तेव्हा निरोप पाठवत. दोन एकत्र आले की दोन्ही वाया जात आणि पुन्हा पाठवावे लागत. अशा मोकाट पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त 18.4 टक्के वेळ कामी येतो, हे अब्रॅमसन यांनी दाखवले. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1972 मध्ये वेळेचे ठरावीक कप्पे सुचवले आणि ही मर्यादा दुप्पट झाली. फास्टॅगच्या वाचनाचा नियम याच कप्प्यांच्या घराण्यातला आहे: यंत्र कप्प्यांची संख्या सांगते, प्रत्येक टॅग त्यातला एक स्वतः निवडतो, आणि फार टकरी झाल्या की यंत्र कप्पे वाढवते.

कुणी म्हणेल, एका मार्गिकेत एकच मोटार, मग टक्कर कुठली? पण लहर मार्गिकेची रेघ पाळत नाही. शेजारच्या गाडीचा टॅगही उत्तर देऊ शकतो. सेतूवर मोटारींची वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे. त्या वेगाने, न थांबता जाणारी गाडी सहा मीटरचा वाचनपट्टा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात पार करते. म्हणून सरासरी विलंबावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. सर्वांत शेवटी पाळी येणाऱ्या टॅगला किती वेळ लागला, हेच मोजले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरा खोळंबा बँकेच्या निरोपात होतो. मात्र बंद टॅगांची यादी नाक्यावर आधीच पोचलेली असते आणि पैसे मागाहून वळते होतात. गाडी पट्ट्यात असेपर्यंत पुरे व्हायलाच हवे, असे काम टॅगचा क्रमांक वाचण्याचे.