साडेतीनशे किलोबाइटांतली बँक

आपल्या ग्रुपवर जामसांवलीचा हनुमान, पांढुर्ण्याची गोटमार, संत्र्यांचे बगीचे, छोटी रेल्वे यावर पुष्कळ लिहून झालं. बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाचं कुणी लिहिलेलं दिसलं नाही. मी नागपूरचा बी.कॉम., नोकरी सगळी बँकेत, आणि १९९० च्या सुमारास जामसांवलीहून सौंसरला रोज जाऊन-येऊन होतो. तेव्हाची ही हकीकत. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही.

आधी थोडा इतिहास. बँकांत यंत्रं आणायची की नाही यावर रिझर्व्ह बँकेनं डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. दुसऱ्या समितीचा १९८९ मध्ये. त्याच सुमारास, १९८३ आणि १९८७ मध्ये, युनियन आणि बँकांमध्ये करार झाले. कोणती मशीन कुठं बसवायची, हे सुद्धा वाटाघाटी करून ठरत होतं. आज हे कुणाला खरं वाटणार नाही. भीती मात्र खरी होती. आमचे हेड कॅशियर मला म्हणाले होते, "साहेब, हे डबं आलं, आता आमाले घरी पाठवून राह्यले का?" त्यांना उत्तर काय द्यावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे जे डबं आलं ते एका मोठ्या शाखेतून उतरलेलं होतं. हार्ड डिस्क बंद पडलेली, पण सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह ठणठणीत. काम एकच दिलं होतं, बचत खात्याचं सहामाही व्याज. जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा व्याज रोजच्या शिलकेवर नव्हतं. महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक राहिली, त्यावर व्याज. दर ५ टक्के. (रोजच्या शिलकेवर व्याज १ एप्रिल २०१० पासून सुरू झालं.) म्हणजे प्रत्येक खात्याचे सहा आकडे लेजरमधून शोधायचे, बेरीज, गुणाकार, मग दुसऱ्यानं तपासायचं. खाती तीन हजारांवर. जून आणि डिसेंबरात शाखेत रात्री बारापर्यंत दिवे जळायचे. मँगनीजच्या खाणीतला मजूर पासबुक घेऊन यायचा तेव्हा त्याचे सात-आठ रुपये बरोबर निघाले पाहिजेत, इतकाच त्या जागरणाचा अर्थ.

आता खरी अडचण सांगतो. त्या फ्लॉपीला म्हणायचं ३६० किलोबाइट, पण फॉरमॅट केल्यावर हातात येते ३,६२,४९६ बाइट, म्हणजे ३५४ किलोबाइट. बाकीची जागा डिस्क स्वतःच्या हिशोबासाठी ठेवते. आजच्या मोबाइलमधला एक फोटो तिच्यात मावणार नाही. आमच्या मशीनवर डॉस ३.३ होतं. डॉसच्या सुरू होण्याला तीन फायली लागत. दोन लपलेल्या, त्या मिळून सुमारे ५२ किलोबाइट, आणि तिसरी कमांड.कॉम, सुमारे २५. एकूण ७७ गेले, उरले २७७. आणि व्याजाचा प्रोग्राम छपाईसकट २८५ किलोबाइटचा! वर नऊ छोट्या बॅच फायली.

नागपूरहून आलेला इंजिनियर म्हणाला, डॉस वेगळ्या फ्लॉपीवर ठेवा, मशीन सुरू झालं की ती काढून प्रोग्रामची घाला. ते चाललं, पण प्रोग्राम संपला की दर वेळी पडद्यावर तेच, कमांड.कॉम असलेली डिस्क घाला. दिवसातून चाळीस वेळा फ्लॉपी काढ-घाल. क्लार्क मंडळी वैतागली.

शेवटी तोड आमच्याच एका तरुण क्लार्कनं काढली. डॉसच्या पुस्तकात त्यानं वाचलं, की लपलेल्या दोन फायली फक्त मशीन सुरू होताना लागतात. एकदा मेमरीत गेल्या की डिस्कवर त्यांचं काम उरत नाही. कमांड.कॉमचं तसं नाही. तिचा एक भाग मेमरीत पक्का बसतो, दुसरा भाग मोठ्या प्रोग्रामला जागा करून देतो आणि काम झालं की डिस्कवरून परत येतो. म्हणून ती मागणी. मग उपाय सोपा. फ्लॉपी फॉरमॅट करताना शेवटी /एस द्यायचं नाही, म्हणजे लपलेल्या फायली येतच नाहीत, आणि फक्त कमांड.कॉम कॉपी करायची. तीही त्याच डॉसची, नाहीतर मशीन ओळख देत नाही.

मला ते लगेच पटलं. लग्नघरी आचारी येतो तो कढया-झारे घेऊन येतो, घरची चूल उचलून आणत नाही. तसंच.

हिशोब असा बसला. ३५४ मधून २५ गेले, उरले ३२९. प्रोग्राम २८५. नऊ बॅच फायलींपैकी एकेक जेमतेम चार ओळींची, पण डॉस त्या फ्लॉपीवर एक किलोबाइटपेक्षा कमी जागा कुणाला देत नाही, चार ओळींनाही तेवढीच. नऊ फायलींची एक केली, आठ किलोबाइट वाचले. डेटाच्या फ्लॉपीवर तर डॉसचा एक अक्षरही ठेवला नाही. खात्यामागे ११२ बाइट, ३,१०० खाती, म्हणजे ३४० किलोबाइट. अगदी काठोकाठ. चेकडिस्क, डिस्ककॉपी वगैरे सगळं तिसऱ्या फ्लॉपीवर, ती माझ्या ड्रॉवरमध्ये.

बाहेरची फ्लॉपी आत घ्यायची नाही, हाही नियम होता. कारण त्याच वर्षी, १९९० मध्ये, भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला होता. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात बसायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून म्हणायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करा. आमच्या शाखेत एक जोशी होते. त्यांचे काय हाल झाले असतील ते समजून घ्या.

पहिल्या सहामाहीत व्याज हातानंही काढलं आणि मशीननंही. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून चार जण तीन रात्री बसले. फरक निघाला अकरा खात्यांत, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी चूक लेजरची होती. हेड कॅशियर साहेबांनी ती अकरा खाती स्वतः पुन्हा मांडली. त्यानंतर ते डबं म्हणेनात, मशीन म्हणू लागले. घरी कुणालाच पाठवलं नाही. ते पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले.

डेटाची नक्कल छिंदवाड्याला द्यायची असे. जाड पुठ्ठ्यांत घालून, लेजरच्या पानांत ठेवून, मी ती नॅरोगेजच्या गाडीनं नेत असे. पुढे चालू हार्ड डिस्कचं मशीन आलं, आणि जागा वाचवायची गरजच संपली. त्या क्लार्कनं तीन फ्लॉप्यांवर निळ्या शाईनं नंबर टाकले होते. त्यातली दोन नंबरची, कमांड.कॉमवाली, माझ्या जुन्या डायरीत अजून आहे. वाचायला ड्राइव्ह कुणाकडे असेल तर कळवा.