मोटारीचें सिंहावलोकन

सिंहावलोकन हा शब्द आपल्या वाङ्मयांत इतका रुळला आहे, कीं त्यांतील सिंह आतां कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. सिंह कांहीं पावलें पुढें जातो, थांबतो, आणि मान वळवून आक्रमिलेल्या वाटेकडे दृष्टि टाकतो, अशी त्या शब्दामागील कल्पना आहे. मोटार हांकणाऱ्यास असें थांबण्याची सवड नसते. त्यास धांवतां धांवतांच मागचें पाहावें लागतें, आणि त्यासाठीं त्यानें डोळ्यांपुढें एक आरसा टांगून घेतला आहे. परंतु मागचें दाखविणारा हा आरसा पुढच्या काचेचा एक तुकडा अडवून बसतो. त्याचा इतिहास म्हणजे, आमच्या मतें, मागील दृष्टीसाठीं पुढील दृष्टीकडून काढलेल्या कर्जाचा इतिहास होय. तें कर्ज कसें वाढलें आणि त्याची परतफेड कोणीं किती केली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभीं हें कर्ज नव्हतें. डोरोथी लेव्हिट या इंग्रज मोटारपटु बाईंनीं ‘दि वूमन अँड दि कार’ हें पुस्तक इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलें. मोटार हांकणाऱ्या स्त्रीनें एक लहानसा हातआरसा सहज सांपडेल अशा जागीं ठेवावा, आणि रहदारींतून जातांना तो मधून मधून उंच धरून मागें काय येत आहे तें पाहावें, असा सल्ला त्यांनीं त्यांत दिला आहे. या युक्तींत एक हात सुकाणूचक्रावरून सुटे, हें खरें. परंतु काम झालें कीं आरसा खालीं येई आणि समोरची वाट पूर्ववत् मोकळी होई.

आरसा कायमचा डोळ्यांपुढें बसला तो शर्यतीच्या निमित्तानें. अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें ३० मे १९११ रोजीं पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली. त्या काळीं चालकाशेजारीं एक यंत्रज्ञ बसण्याची वहिवाट होती; यंत्रावर लक्ष ठेवणें आणि पाठीमागून कोण येत आहे तें चालकास सांगणें, हीं त्याचीं कामें असत. रे हॅरून या चालकाची ‘मार्मन वॉस्प’ ही गाडी मात्र एकासनी होती. पाठीमागें पाहणारा कोणी नसल्यानें हा गृहस्थ इतरांच्या जिवास धोका उत्पन्न करील, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनीं घेतला. तेव्हां हॅरूननें आठ इंच लांब व तीन इंच उंच असा एक आरसा दांड्यांवर उभारून आपल्यापुढें बसविला. १९०४ सालीं शिकागो येथें एका घोडागाडीवर असा आरसा आपण पाहिला होता, असें त्याचें सांगणें होतें. ताशीं सरासरी ७४.६ मैल वेगानें त्यानें ती शर्यत जिंकली, आणि मोटारीच्या आरशाची कीर्ति त्या विजयाबरोबर पसरली.

परंतु या कथेचा उत्तरार्धच अधिक बोधप्रद आहे. शर्यतीचा मार्ग विटांचा होता. त्यावरून धांवतांना आरसा इतका थरथरे, कीं त्यांत आपणांस कांहींच दिसत नव्हतें, अशी कबुली हॅरूननें पुढें दिली. म्हणजे आक्षेपकांचें समाधान ज्या आरशानें झालें, त्यानें मागचें दाखविलें नाहीं; पुढच्या दृश्याचा एक तुकडा मात्र निश्चित झांकला. त्या यंत्रज्ञाचा माणूस म्हणूनहि विचार केला पाहिजे. त्याच शर्यतींत दुसऱ्या एका गाडीवरील यंत्रज्ञ अपघातांत मरण पावला. शेजारचें आसन रिकामें झालें तेव्हां एक जीव धोक्यांतून वांचला, ही आरशाच्या बाजूनें सांगण्यासारखी गोष्ट आहे. हें कर्ज काढण्यास कारण होतें, हें नाकारतां येणार नाहीं.

पुढें १९२१ सालीं एल्मर बर्गर या अमेरिकनानें सामान्य मोटारींसाठीं आरशाचें पेटंट मिळविलें, आणि ‘कॉप-स्पॉटर’, म्हणजे पोलिस हेरणारा, अशा नांवानें त्याची विक्री झाली. पाठलाग करणारा शिपाई दिसावा म्हणून लोकांनीं घेतलेली वस्तु कालांतरानें कायद्यानेंच आवश्यक ठरविली, हा दैवाचा खेळ म्हणावा. अमेरिकेंतील मोटारसुरक्षेचे संयुक्त सरकारचे नियम १९६८ च्या आरंभीं अमलांत आले, त्यांत आरशासाठीं स्वतंत्र कलम होतें. आंतील आरशांतून मागच्या बाजूस निदान वीस अंशांचा पट्टा दिसावा, दोनशें फुटांपलीकडचा रस्ता क्षितिजापर्यंत दिसावा, आणि अपघातांत डोकें आदळण्याचा संभव असेल तेथें आरशाचा आधार ठराविक जोरास वांकावा किंवा तुटून पडावा, असे तपशील त्यांत आहेत. युरोपानें पुढच्या दृष्टीचाहि विचार केला. चालकाच्या समोरच्या १८० अंशांत ठराविक उंचीच्या पातळ्यांमध्यें कोणताहि अडथळा नसावा, असें १९७७ च्या युरोपीय निर्देशानें ठरविलें. मात्र त्यांत जे अपवाद मान्य केले, त्यांत काचेच्या बाजूचे खांब आणि वायपर यांच्या जोडीला आरसाहि आहे. कायद्यानें अडथळा ओळखला आणि त्यास क्षमाहि केली!

ही क्षमा केवढ्याची, याचा हिशेब शाळकरी भूमितीनें होतो. आरसा २२ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर उंच आहे, चालकाच्या डोळ्यांपासून ५५ सेंटिमीटरांवर आहे, आणि त्याचा मध्य बरोबर डोळ्यांच्या पातळींत आहे, असें धरूं. आपल्या दोन डोळ्यांत सुमारें साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असतें. त्यामुळें एका डोळ्यास न दिसणारा कांहीं भाग दुसऱ्यास दिसतो. ही सवलत वजा केली, तरी दहा मीटरांवर आरसा पावणेतीन मीटरांहून अधिक रुंदीचा पट्टा झांकतो. उंचीच्या दिशेस ही सवलतहि नाहीं; तेथें एक मीटरांहून किंचित् जास्त भाग दिसेनासा होतो. चालकाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरावर असतील, तर डावीकडे वळतांना चौकांत उभ्या असलेल्या मनुष्याचें मांड्यांपासून डोक्यापर्यंतचें शरीर या पडद्याआड जाऊं शकतें. दुचाकीची सारी लांबी त्या पट्ट्याच्या रुंदींत मावते. ठेंगण्या चालकास याचा त्रास कमी, कारण आरसा त्याच्या दृष्टिरेषेच्या वर राहतो. उंच मनुष्य मात्र आरशाच्या पातळींत येतो, आणि जो जगास वरून पाहतो असें आपण समजतों, त्यासच चौकाचा कोपरा दिसत नाहीं.

रात्रीं आणखी एक भर पडते. मागच्या गाडीचे दिवे आरशांतून डोळ्यांवर आले, कीं पुढचा अंधार अधिक गडद होतो. यावर पाचरीच्या आकाराच्या काचेची योजना निघाली. तिची मागील बाजू चांदीसारखी चकचकीत असते, आणि पुढची नुसती काच प्रकाशाचा शेंकडा चारच भाग परावर्तित करते. खालची खुंटी दाबली, कीं तेजस्वी प्रतिबिंब छताकडे वळतें आणि फिकट प्रतिबिंब डोळ्यांकडे येतें. जपाननें बाहेरच्या आरशांबाबत निराळा मार्ग धरला होता. तेथें १९८३ पर्यंत ते दारावर न बसवितां पुढच्या चाकांवरील पत्र्यावर बसवीत. त्यांतील प्रतिबिंब लहान दिसे; परंतु चालकास मान फारशी वळवावी लागत नसे, आणि मागचें पाहतांना पुढचा रस्ता दृष्टीच्या कडेस तरी राही. त्याच जपाननें २०१६ मध्यें आरशाऐवजीं कॅमेरा वापरण्यास मुभा दिली. अमेरिकेंत मे २०१८ पासून नव्या हलक्या वाहनांस गाडी मागें घेतांना पाहण्यासाठीं कॅमेरा सक्तीचा झाला. तथापि काचेवरचा आरसा गेला नाहीं. उलट अनेक नव्या गाड्यांत त्याच्या मागें पुढचा रस्ता टेहळणारीं उपकरणें बसूं लागलीं, आणि त्या जागेची गर्दी वाढली.

असो. कायद्यानें क्षमा केलेलें कर्ज फेडण्याचें काम शेवटीं चालकाकडे येतें, आणि तें अर्ध्या मिनिटाचें आहे. पुष्कळ आरशांच्या दांडीला दोन सांधे असतात. एक काचेकडचा, दुसरा आरशाकडचा. बहुतेक लोक दुसराच फिरवितात. आधीं पहिला सांधा फिरवून दांडी वर, छताकडे न्यावी, आणि मग मागची काच पुरती दिसेपर्यंत आरसा कलता करावा. वरील हिशेबांतील आरसा पांचच सेंटिमीटर वर गेला, तर दहा मीटरांवरील पडदा सुमारें नव्वद सेंटिमीटर वर सरकतो, आणि चौकांतील मनुष्याच्या डोक्याचा वरचा भाग सोडून बाकीचा देह दिसूं लागतो. ज्या आरशास एकच सांधा आहे, तेथें बैठक थोडी खालीं घ्यावी; मात्र पुढील टपाची कड दिसेनाशी होईल इतकी नव्हे. आणि आपल्याकडे आरशास माळा, लोलक, काळी बाहुली, देवाची छोटी मूर्ति असें जें कांहीं लोंबत असतें, तें काढून ठेवावें. प्रवासांत रक्षण व्हावें या हेतूनें टांगलेली वस्तु समोरच्या पादचाऱ्यास झांकीत असेल, तर त्या हेतूचाच घात होतो. आरसा नीट बसला कीं नाहीं, याची परीक्षा त्यांतील प्रतिबिंबावरून अर्धीच होते. उरलेली अर्धी करण्यासाठीं चालकानें गाडी सुरू करण्यापूर्वीं आरशाच्या खालून आणि बाजूनें समोरचा रस्ता एकदां पाहून घ्यावा.