विलेपार्ले-जुहू परिसरातील होड्यांसाठी कायमस्वरूपी जागा : माहिती व मार्गदर्शन

विलेपार्ले व जुहू परिसरातील एखाद्या कुटुंबाने नवी होडी घेतली, किंवा वडिलांची जुनी होडी दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडण्याचे ठरविले, की पहिला प्रश्न उभा राहतो तो ती वर्षभर ठेवायची कोठे हा. होडीसाठी कर्ज मिळू शकते, इंजिनासाठी हप्ते बांधून घेता येतात. परंतु परवडणाऱ्या दरात सुरक्षित जागा मिळणे हे मुंबईत सर्वांत अवघड काम होऊन बसले आहे. आपल्या किनाऱ्यावरील कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांना, तसेच हौसेने लहान नौका बाळगणाऱ्यांना उपयोगी पडावी म्हणून या विषयाची आवश्यक माहिती येथे एकत्र दिली आहे.

समुद्र जवळ, बंदर दूर

जुहू हे एकेकाळी साष्टीच्या पश्चिमेस असलेले वाळूचे एक लांबट, सखल बेट होते. ओहोटीच्या वेळी मधले उथळ पाणी पायी ओलांडून पलीकडे जाता येत असे. पुढे भराव पडत गेला, वस्ती वाढली, आणि ते बेट मुख्य भूमीशी एकजीव झाले. आज जुहूचा किनारा म्हणजे थेट अरबी समुद्राकडे तोंड करून असलेली उघडी, सपाट पुळण आहे. लाटा अडविणारा खडक नाही, बंधारा नाही. कोळीवाड्यातील लहान होड्या वाळूवर ओढून ठेवता येतात. मोठ्या यांत्रिक नौकेला मात्र येथे आसरा नाही. म्हणून विलेपार्ल्यातील होडीमालकाला जागेसाठी उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील खाड्यांकडे वळावे लागते.

भरती-ओहोटीचे गणित

जागा पाहावयास जाण्यापूर्वी भरती-ओहोटीचा विचार करावा. अपोलो बंदर येथील मोजमापानुसार उधाणाच्या दिवसांत सरासरी भरतीची पातळी सुमारे ४.४ मीटर व ओहोटीची सुमारे ०.८ मीटर असते. म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी दिवसातून दोनदा साडेतीन मीटरहून अधिक चढते आणि उतरते. भांगाच्या दिवसांत हाच फरक दीड मीटरच्या आसपास येतो.

याचा परिणाम असा, की दुपारी भरलेली दिसणारी खाडी संध्याकाळी चिखल होऊन जाते. अशा जागी ठेवलेली होडी दिवसातून दोनदा गाळावर टेकते व दोनदा तरंगते. सपाट तळाच्या लाकडी होडीला हे सोसते. खोल कण्याची फायबरची नौका मात्र कलंडते. शिवाय भरतीची वाट पाहिल्याखेरीज होडी बाहेर काढता येत नाही. म्हणून कोणतीही जागा भरतीला एकदा आणि उधाणाच्या ओहोटीला एकदा, अशी दोनदा पाहिल्याशिवाय पसंत करू नये.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावर गोद्या बांधल्या गेल्या त्या याच अडचणीतून. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ साली पूर्ण झाला. पश्चिम भारतातील तो पहिला ओला डॉक मानला जातो. त्यानंतर १८८० साली प्रिन्सेस डॉक आला. तेथे दरवाजे लावून ओहोटीतही आतील पाणी राखले जाई. पश्चिम उपनगरांच्या वाट्याला अशी गोदी कधीच आली नाही. येथील होड्या आजही निसर्गाने दिलेल्या खाड्यांवरच अवलंबून आहेत.

जवळच्या जागा

वेसावे : विलेपार्ल्याहून सर्वांत सोयीची जागा हीच. मालाडची खाडी येथे समुद्राला मिळते. एका काठावर वेसावे कोळीवाडा व दुसऱ्या काठावर मढ आहे. मासे उतरविण्याची सोय, बर्फ, डिझेल, दुरुस्तीचे कारागीर हे सारे येथे मिळते. अडचण आहे ती गर्दीची आणि मुखाशी साचणाऱ्या गाळाची.

मढ, मनोरी व गोराई : मढच्या बाजूला आणि मनोरीच्या खाडीत गर्दी तुलनेने कमी आहे. मात्र विलेपार्ल्याहून तेथे पोहोचण्यास फेरीबोट किंवा लांबचा रस्ता धरावा लागतो. रोज पहाटे होडीवर जाणाऱ्याला हे जड जाते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला चालू शकते.

उत्तन, नायगाव व वसई : भाईंदरपलीकडील या गावांत मच्छीमारांच्या मोठ्या वस्त्या आहेत आणि आपल्यापैकी अनेकांची सोयरीकही तेथे आहे. नायगाव व वसईच्या पाचूबंदरास वसई खाडीचा आश्रय मिळतो. नात्यातील कुटुंबाच्या होडीशेजारी जागा मिळाली, तर देखरेखीचा प्रश्नही सुटतो.

खारदांडा, चिंबई व माहीम : दक्षिणेकडील हे कोळीवाडे अंतराने जवळ आहेत, पण खारदांडा व चिंबईचा किनारा बराचसा उघडा व खडकाळ आहे. माहीमला मिठी नदीच्या मुखाचा आडोसा आहे, तरी जागा अपुरी आहे.

ससून डॉक व भाऊचा धक्का : ही मुंबई बंदराच्या हद्दीतील ठिकाणे मोठ्या यांत्रिक नौकांना मासळी उतरविण्यासाठी सोयीची आहेत. लहान होडीने रोज तेवढे अंतर कापणे इंधनाच्या खर्चात बसत नाही.

अपोलो बंदर : हौशी नौकांचे नांगरस्थान येथे आहे. १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबसारख्या संस्था याच परिसरात आहेत. क्लबमार्फत सोय हवी असल्यास सदस्यत्व लागते आणि ते सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यातले नसते. येथेही नौका उघड्या पाण्यात नांगरलेली असते, त्यामुळे पावसाळ्यासाठी निराळी व्यवस्था करावीच लागते.

पावसाळ्यातील मुक्काम

आपल्या किनाऱ्यावर 'वर्षभराची जागा' म्हणजे प्रत्यक्षात दोन जागा असतात : एक पाण्यातील, दुसरी जमिनीवरील. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीस बंदी असते. राज्य सरकार दरवर्षी आदेश काढते. नेमक्या तारखा त्यातच पाहाव्यात. या काळापूर्वी होड्या ओंडक्यांवरून काठावर ओढून, टेकू देऊन, ताडपत्री वा झावळ्यांनी शाकारून ठेवण्याची पद्धत आहे. तळ खरवडणे, फळ्यांच्या सांधी भरणे, रंग देणे, जाळी विणणे ही कामे याच दिवसांत उरकतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. आपल्या किनारी धर्मग्रामांत नौकांना आशीर्वाद देण्याचा विधीही होतो.

म्हणून पाण्यातील जागा ठरविताना शाकारणीची जागा कोणती, हे त्याच वेळी विचारून घ्यावे. अनेकांची फसगत येथेच होते. ऑक्टोबरमध्ये खाडीत जागा मिळते, मे महिन्यात काठावर ती नसते, आणि मग ऐनवेळी क्रेन, ट्रक व खाजगी आवार यांवर वर्षभराच्या बचतीएवढा खर्च होतो.

वादळांनीही हा धडा दिला आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेल्या फयान वादळात कोकण किनाऱ्यावरील अनेक मासेमारी नौका गमावल्या गेल्या. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा खाडीत व किनाऱ्यालगत नांगरलेल्या होड्यांचे मोठे नुकसान झाले. ही दोन्ही वादळे बंदीच्या काळाबाहेर आली. म्हणजे होडी काही तासांत कोठे हलविता येईल, हेही आधीच ठरलेले असले पाहिजे.

परवाने व कचेऱ्या

जागेसाठी अर्ज करण्यापूर्वी होडीची कागदपत्रे पूर्ण असावीत. मासेमारी नौकेची नोंदणी करावी लागते; त्यासाठी 'रियल क्राफ्ट' या नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून घ्यावा लागतो. उपनगरातील मच्छीमारांनी मुंबई उपनगरच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संपर्क साधावा.

लहान बंदरे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या अखत्यारीत येतात. १९९६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या या मंडळाने बंदरांचे गट पाडले असून वेसावे, मनोरी, उत्तन व वसई ही बंदरे वांद्रे गटात मोडतात. हौशी व प्रवासी नौकांच्या मालकांनी नोंदणी व धक्क्याचा वापर यांसाठी याच मंडळाकडे चौकशी करावी. शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य बंदर मात्र निराळ्या, म्हणजे मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे. एका कचेरीची परवानगी दुसरीच्या हद्दीत चालत नाही.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे गावची मच्छीमार सहकारी संस्था. कोणत्या रांगेत कोणाची होडी, शाकारणीला कोण कोठे, नवख्याला जागा द्यावी की नाही, हे व्यवहारात संस्था व गावचे पुढारी ठरवितात. सरकारी कागद पूर्ण असूनही गावाची संमती नसेल, तर होडी तेथे सुखाने राहू शकत नाही.

खर्चाचा हिशेब

केवळ भाड्याचा आकडा पाहून जागा स्वस्त की महाग हे ठरवू नये. वर्षभराच्या हिशेबात पुढील बाबी धराव्यात : जागेचे भाडे अथवा संस्थेची वर्गणी; राखणदाराचा मेहनताना; होडी वर ओढण्याचा व पुन्हा उतरविण्याचा खर्च; दोर, नांगर व साखळदंड यांची झीज; दुरुस्ती व रंग; विम्याचा हप्ता; आणि घरापासून होडीपर्यंतचा प्रवास. दूरची जागा भाड्याने निम्मी पडली, तरी रोजचा प्रवास व इंधन धरले की ती महाग ठरू शकते. या सर्व बाबी कागदावर मांडून दोन-तीन ठिकाणांची तुलना करावी.

विमापत्र घेताना होडी पावसाळ्यात कोठे व कशी ठेवली जाणार, हे त्यात लिहून घ्यावे. लिहिलेल्या जागेपेक्षा निराळ्या ठिकाणी नुकसान झाल्यास भरपाईस अडथळा येऊ शकतो.

जागा ठरविण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. उधाणाच्या ओहोटीला होडीखाली किती पाणी उरते? तळाशी गाळ आहे की खडक?
२. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्या-लाटांना आडोसा आहे का?
३. शाकारणीची जागा भाड्यात समाविष्ट आहे का?
४. रात्री राखण कोण करतो? चोरी वा आग झाल्यास जबाबदारी कोणाची?
५. शेजारच्या होडीने धक्का दिल्यास नुकसानीचा निवाडा कोण करतो?
६. जागा किती वर्षांसाठी आहे, आणि ती सोडावी लागल्यास किती महिने आधी कळविले जाईल?

उत्तरे तोंडी मिळाली, तरी संस्थेच्या पावतीवर किंवा साध्या लेखी करारात उतरवून घ्यावीत. ओळखीच्या माणसाकडेही कागद मागण्यात संकोच नसावा. पुढे मैत्री टिकते ती त्यामुळेच.

सामाईक जागेचे भवितव्य

वरील माहितीवरून एक गोष्ट ध्यानात येईल. मुंबईच्या उपनगरांत परवडणारी जागा कोणी बाजारात विकत नाही. ती कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राखली म्हणून परवडते. काठावरील ती जमीन अनेकदा कोणा एकाच्या नावावर नसते. पावसाळ्याखेरीज ती रिकामी दिसते, आणि म्हणूनच ती सर्वप्रथम इतरांच्या नजरेत भरते.

केवळ जमीन राखूनही भागत नाही. समुद्रात जाण्याची वाटही मोकळी राहावी लागते. वरळी कोळीवाड्याचे उदाहरण ताजे आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालील दोन खांबांमधील ६० मीटरचे अंतर वादळी हवेत नौकांना अपुरे पडेल, असे तेथील मच्छीमारांचे म्हणणे होते व त्यांनी १६० मीटरची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. आपल्या भागात वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचा एक जोडरस्ता जुहू कोळीवाड्याजवळ येणार आहे. तेव्हा आपल्या होड्यांची वाट कोणत्या खांबांमधून जाईल, याची माहिती येथील संस्थांनीही वेळीच मागून घ्यावी.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नव्हे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे नकाशे तयार करण्याची तरतूद होती. मासळी सुकविणे, जाळी विणणे व पारंपरिक होड्या बांधणे यांसाठीच्या जागांनाही तीत स्थान होते. जानेवारी २०१९ मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. नकाशात जे दाखविलेले नसते, ते पुढे सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून प्रत्येक संस्थेने होड्यांची नोंदवही, शाकारणीच्या जागेचा साधा नकाशा व दरवर्षीची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि सीमांकनासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठपुरावा करावा.

ज्यांच्या घरी आता होडी उरलेली नाही, त्यांनीही या कामात संस्थेला साहाय्य करावे. अर्ज लिहून देणे, नकाशा वाचून दाखविणे, कचेरीत सोबत जाणे, एवढी मदत कोणालाही करता येईल. एका होडीसाठी जागा शोधणे हे एका कुटुंबाचे काम आहे. परंतु काठ शिल्लक राहिला तरच ती सापडेल, आणि काठ राखणे हे सर्वांचे काम आहे.